बडोद्यातील एक उन्हाळी शिबिर : २,४०० रुपयांत मुलांना काय मिळाले

माझी चौदा वर्षांची नात आणि बारा वर्षांचा नातू या मे महिन्यात बडोद्याच्या जुन्या वस्तीत भरलेल्या एका उन्हाळी शिबिराला बारा दिवस जाऊन आले. आरोग्य, जीवनकौशल्ये आणि नागरिकत्व असे शिबिराचे तीन विभाग होते. वेळ सकाळी साडेसात ते साडेअकरा होती आणि फी प्रत्येकी २,४०० रुपये होती. त्यात एक वही, एक टोपी, रोजचा नाश्ता आणि एक सहल धरलेली होती. मुलांना नेण्या-आणण्याचे काम माझ्याकडे होते, आणि पालकांना मागच्या बाकावर बसण्याची मुभा असल्यामुळे मी सात दिवस तेथेच थांबलो. औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या खात्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे समोर येईल ते मोजून पाहण्याची खोड अजून सुटलेली नाही, हे वाचकांनी आधीच लक्षात घ्यावे. संस्थेचे नाव मी देत नाही. माझ्या काही तक्रारी गंभीर आहेत, त्या मी संचालकांना लेखी दिल्या आहेत, आणि त्यांचा निकाल लागण्याआधी चारचौघांत नाव घेणे मला बरे वाटत नाही.

बडोद्याच्या मराठी घरांना असले काही नवीन नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले ते हेच गाव, आणि जुम्मादादांच्या व्यायामशाळेचे व ती चालवणाऱ्या प्रोफेसर माणिकरावांचे नाव न ऐकलेला जुना बडोदेकर सापडणे कठीण. आमच्या लहानपणी सुट्टी म्हणजे सकाळी मल्लखांब आणि दुपारी वाचनालय, इतका साधा हिशेब असे, आणि त्याला फी अशी नव्हतीच. त्यामुळे मुलांना ‘जीवनकौशल्ये’ शिकवण्यासाठी पैसे भरायचे, ही कल्पनाच मला प्रथम पटली नव्हती. सुनेने आग्रह धरला म्हणून मी गप्प बसलो.

पहिल्या दोन दिवसांनी माझी शंका वाढवलीच. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली दहा जीवनकौशल्ये, म्हणजे स्वतःची ओळख, दुसऱ्याच्या भावना जाणणे, निर्णय घेणे, अडचणीतून वाट काढणे, ताण सोसणे वगैरे, पडद्यावर एकामागून एक येत राहिली आणि मुले ती वहीत उतरवून घेत राहिली. दुसऱ्याच्या भावना जाणण्याची व्याख्या तीन ओळींची होती, आणि ती उतरवून घेताना एका मुलाने शेजाऱ्याचे खोडरबर न विचारता उचलल्यावरून बरीच बाचाबाची झाली; मार्गदर्शकांनी दोघांनाही गप्प बसवले आणि पुढचे पान आणले. शिकवण्याची अशी आयती संधी चालून आली होती आणि ती वाया गेली, याची त्यांना जाणीवही झाली नसावी.

तिसऱ्या दिवशी एक निवृत्त परिचारिका आल्या आणि शिबिराचा रंग बदलला. त्यांनी आदल्या दिवशीच प्रत्येक मुलाला घरातला चहाचा चमचा आणायला सांगितले होते. टेबलावर स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा ठेवून त्यांनी प्रत्येकाला आपापल्या चमच्याने अर्धा चमचा मीठ मोजायला लावले आणि ते काट्यावर टाकले. कोणाचे अडीच ग्रॅम भरले, कोणाचे साडेचार. माझ्या नातवाने शिगोशीग भरलेला अर्धा चमचा तर पाच ग्रॅमच्याही पुढे गेला. फळ्यावर सगळे आकडे मांडून झाल्यावर त्यांनी विचारले, की मग आईने सांगितलेल्या ‘अर्धा चमचा मीठ’ याचा अर्थ काय. तीस वर्षे मी कारखान्यातल्या नव्या मुलांना हीच गोष्ट समजावत आलो होतो. ती चौतीस मुलांना दहा मिनिटांत समजलेली पाहून मला मनापासून आनंद झाला.

पुढे चार-चार मुलांच्या गटांनी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून जुलाबावर द्यायचे पाणी तयार केले, चाखले, आणि अश्रूंपेक्षा खारट लागले तर ते ओतून पुन्हा करायचे, हा नियम पाळला. मग अशाच पाण्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारी तयार, म्हणजे ओआरएसची, पुडी उघडली. तिच्यावरील मजकूर मोठ्याने वाचायला लावला: ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, एकूण २०.५ ग्रॅम, आणि हे सगळे एका लिटरसाठी. आपल्याकडे बऱ्याच घरांत ही पुडी एका पेल्यात ढवळतात, म्हणजे पाणी हवे त्याच्या चौथा-पाचवा हिस्साच असते, आणि जुलाब थांबण्याऐवजी वाढायला तेवढे पुरते. साखर कशासाठी, या एका मुलीच्या प्रश्नाला त्यांनी टाळले नाही. आतड्यात ग्लुकोज आत शिरताना सोडियमला बरोबर घेऊन जाते आणि त्यांच्यामागून पाणी जाते, म्हणून नुसते मीठ किंवा नुसती साखर पुरत नाही, असे त्यांनी सांगितले. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली तेव्हा शिरेतून द्यायची सलाइन संपत आलेली असताना डॉ. दिलीप महालनोबिस यांनी असेच पाणी पिंपांत भरून रोग्यांना पाजायला लावले, ही गोष्टही मुलांनी तल्लीन होऊन ऐकली. माझ्या मते त्या दोन तासांतच निम्मी फी वसूल झाली.

याच दिवशी नाश्त्याला मुलांना आंब्याच्या सरबताचे २०० मिलिलिटरचे डबे दिले गेले, हे मात्र लिहायलाच हवे. डब्यावर १०० मिलिलिटरला १३ ग्रॅम साखर असे छापलेले होते. चार ग्रॅमचा एक चमचा धरला तर एका डब्यात साडेसहा चमचे साखर झाली. आमच्या नातीने तो हिशेब तेथल्या तेथे केला आणि डबा परत नेऊन ठेवला. त्याबद्दल तिचे कौतुक होण्याऐवजी ‘आयोजकांनी प्रेमाने दिले आहे’ असे तिला ऐकवण्यात आले. इतर दिवशी खमण, फाफडा आणि एकदा सेवउसळ होती. सेवउसळीला मी नावे ठेवणार नाही, ती बडोद्याची आहे. पण आरोग्याचे शिबिर म्हटल्यावर बारा दिवसांत एकदाही फळ किंवा मोड आलेले कडधान्य साधे मिळू नये, याचे आश्चर्य वाटले.

पाचव्या दिवशी हिमोग्लोबिनची तपासणी झाली आणि माझी पहिली मोठी तक्रार त्या दिवसाची आहे. तपासणी ठेवली हे चांगलेच केले. वाढत्या वयात रक्त कमी असणे आपल्याकडे मुलींत फार आढळते, मुलांतही आढळते, आणि घरी ते कोणाच्या लक्षात येत नाही. बारा ते चौदा वर्षांच्या मुला-मुलींना १२ ग्रॅमच्या खाली आकडा आला तर रक्त कमी आहे असे धरतात, आणि पंधरा वर्षांपुढच्या मुलग्यांसाठी ही रेषा १३ ची आहे, हेही बरोबर सांगितले गेले. पण नंतर एका स्वयंसेवकाने हजेरी घ्यावी तसे एकेकाचे नाव आणि आकडा सगळ्यांसमोर वाचून दाखवला. ९.८ आलेल्या मुलीने मान खाली घातली ती साडेअकरापर्यंत वर केली नाही. मी उठून विरोध केला, तेव्हा ‘यात लपवण्यासारखे काय आहे, मुलांना प्रोत्साहनच मिळेल’ असे उत्तर मिळाले. रुग्णाचा आकडा हा रुग्णाचा असतो. तो बंद पाकिटातून पालकांकडे जायला हवा, आणि आरोग्य शिकवणाऱ्याला हे कोणी सांगावे लागू नये. त्यानंतरचा आहाराचा भाग चांगला होता, विशेषतः जेवणाबरोबर लिंबू घेतल्याने लोह अंगी लागायला मदत होते आणि जेवणावर लगेच चहा प्यायल्याने ते अडते, हे आमच्या चहाबाज घरात त्याच दिवसापासून लागू झाले. माझा जेवणानंतरचा चहा नातीने बंद केला आहे.

छाती दाबून हृदय चालू ठेवण्याचा, म्हणजे सीपीआरचा, वर्ग वेळेअभावी अर्धवट राहिला. मिनिटाला १०० ते १२० दाब, साधारण पाच सेंटिमीटर खोल, दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, आणि त्याआधी १०८ ला फोन करायला कोणालातरी सांगायचे, हे सगळे नीट सांगितले. परंतु पुतळा एकच, मुले चौतीस आणि वेळ पन्नास मिनिटे. प्रत्येकाला जेमतेम मिनिटभर हात लावायला मिळाला. दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा असे का सांगतात, ते दोन मिनिटे स्वतः दाबून घामाघूम झाल्याशिवाय कळत नाही. तीन पुतळे भाड्याने आणले असते आणि टोप्या दिल्या नसत्या, तरी कोणाची हरकत नसती.

मासिक पाळीच्या वर्गाबाबत माझे मत काही वाचकांना आवडणार नाही. मुलींना वरच्या मजल्यावरच्या खोलीत नेऊन दार लावून घेतले आणि मुलांना क्रिकेटची बॅट देऊन मैदानात पाठवले. मुलींचा वर्ग उत्तम झाला असे नात सांगते. कापडाचे पॅड उन्हात का वाळवायचे येथपासून पोटात दुखणे किती झाले म्हणजे डॉक्टरांकडे जायचे येथपर्यंत सर्व काही मोकळेपणाने बोलले गेले. पण नातवाने घरी येताना स्कूटरवर मागून मला विचारले, “आजोबा, दार का लावलं होतं?” मला जे जमले ते मी सांगितले, शिबिरातल्या त्या परिचारिकाबाईंनी ते माझ्यापेक्षा चांगले सांगितले असते. मुलींना वेगळे बसून प्रश्न विचारता यावेत हे मान्य आहे. मुलांसाठी तितकाच वेळ, तोच विषय आणि कोणीतरी समजूतदार माणूस ठेवणे अवघड नव्हते. संचालक म्हणाले की पालकांच्या तक्रारी येतात. माझी तक्रार उलट आहे, ती त्यांनी नोंदवून घेतली.

हाताने करायच्या कौशल्यांचे दोन दिवस बरे गेले. सर्वांनी, म्हणजे मुलग्यांनीही, खिचडी शिजवली, शर्टाला बटण लावले आणि गॅसच्या सिलिंडरचा रेग्युलेटर काढून बसवला. पैशांच्या वर्गात यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही, हे एक वाक्य बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी मुलांकडून इतक्या वेळा म्हणवून घेतले की ते आता आमच्या घरात म्हणीसारखे झाले आहे. फसवणूक झालीच तर १९३० या फोन क्रमांकावर ताबडतोब कळवायचे, हेही मुलांना पाठ आहे.

पुराचा वर्ग मात्र फक्त बडोद्यातच होऊ शकला असता. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्या वर गेले होते आणि मगरी सोसायट्यांच्या आवारात आल्या होत्या, हे या मुलांनी स्वतः पाहिलेले आहे. मार्गदर्शकांनी व्याख्यान दिले नाही. त्यांनी वर्गाच्या भिंतीला उभी रेघ मारली, तिच्यावर फुटांच्या खुणा केल्या आणि ज्याच्या घरात पाणी शिरले होते त्याने तेवढ्या उंचीवर खडूने आपले नाव लिहावे असे सांगितले. अकरा नावे लागली. सर्वात वरचे नाव एका अबोल मुलाचे होते, ते त्याच्या स्वतःच्या डोक्याच्या वर गेले, आणि ते लिहायला त्याला खुर्चीवर चढावे लागले. त्यानंतर मेन स्विच केव्हा बंद करायचा, कागदपत्रे कोठे ठेवायची, पाणी ओसरल्यावर टाकी कशी धुवायची, उघड्या जखमेने चिखलात का उतरू नये, या प्रश्नांची उत्तरे त्याच मुलांनी एकमेकांना दिली. पावागडाकडून येणारी विश्वामित्री आणि आजवा सरोवराचे ६२ दरवाजे यांचा नकाशा फळ्यावर काढून, वर पाऊस पडला की गावात पाणी कसे येते हे समजावले. हा नकाशा मी स्वतःही वहीत उतरवून घेतला.

नागरिकत्वाची सुरुवात वाईट झाली. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आलेली दहा मूलभूत कर्तव्ये आणि २००२ मध्ये जोडलेले अकरावे, सगळ्यांनी एका सुरात वाचली. तुम्ही कोणत्या वॉर्डात राहता असे विचारल्यावर चौतिसांपैकी पाच हात वर आले. मग कोणीतरी शहाणपणा केला आणि उरलेले दोन दिवस वाचन बंद करून महानगरपालिका हाच विषय घेतला: १९ वॉर्ड, प्रत्येकाचे चार असे ७६ नगरसेवक, निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव, आणि कचरा, पाणी, दिवे यांपैकी कशासाठी कोणाकडे जायचे. महानगरपालिकेचे कार्यालय असलेल्या खंडेराव मार्केटच्या देखण्या इमारतीसमोरून ही मुले रोज जातात. आत काय चालते हे त्यांना प्रथमच कळले.

शिबिराच्या प्रतिनिधीची निवडणूक घेतली तेव्हा कोऱ्या चिठ्ठीवर उमेदवाराचे नाव लिहायला सांगितले होते. तेरा वर्षांच्या एका मुलीने हात वर करून म्हटले की सरांना सगळ्यांचे अक्षर ओळखता येते, मग मतदान गुप्त कसे. मार्गदर्शक क्षणभर गप्प झाले, आणि त्यांच्या बाजूने लिहायचे तर, त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या फाडल्या, उमेदवारांना चिन्हे दिली, कार्यालयातून शिक्का मागवला आणि मतदान पुन्हा घेतले. मतदानाचे वय २१ वरून १८ कसे झाले आणि सतरा पूर्ण झाल्यावर नावनोंदणीचा अर्ज आगाऊ करता येतो, हे सांगायला त्यानंतर सगळ्यांचे कान तयार होते.

शेवटचे काम अर्जाचे होते. शाळेच्या फाटकाजवळच्या गटाराचे झाकण तुटलेले होते, त्याविषयी मुलांनी वॉर्ड ऑफिसला अर्ज लिहिला. कोणत्या भाषेत लिहायचा यावर चर्चा झाली आणि गुजरातीच ठरली. आमची नात मराठी लिहितानाही शिरोरेघ द्यायला विसरते, तेव्हा तिला ते सोयीचेच होते. अर्जाची दुसरी प्रत न्यायची आणि तिच्यावर तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, हे शिकवले, आणि सहा मुलांनी प्रत्यक्ष जाऊन ते केले. माहिती अधिकाराबाबत मात्र मार्गदर्शकांनी अर्जाची फी १० रुपये सांगितली. ती केंद्र सरकारच्या कार्यालयांची आहे. गुजरातच्या नियमांप्रमाणे २० रुपये भरावे लागतात, आणि कमी फीचा अर्ज परत येऊ शकतो. मी मागून दुरुस्ती सुचवली, त्यांनी ती फळ्यावर लिहिली.

आता सहल. निमेट्याचे जलशुद्धीकरण केंद्र आणि आजवा असा कार्यक्रम होता, आणि गाळण्याच्या टाक्या पाहून मुले खूश झाली. परंतु बसमध्ये चौतीस मुलांमागे मोठी माणसे दोनच होती आणि परत निघताना नावांची यादी कोणाजवळच नव्हती. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्यातल्याच हरणी तलावात सहलीला गेलेली बारा मुले आणि दोन शिक्षिका बुडाल्या. त्या गावात, पाण्याच्या काठी मुले नेताना, निघण्यापूर्वी डोकी मोजायला एका आजोबाने सांगावे लागते, हे मला सहन झाले नाही. मोजली तेव्हा तेहतीस भरली. चौतिसावा मुलगा नळाजवळ बाटली भरत होता. दोन मिनिटांत आला, कोणाला काही झाले नाही, आणि बाकीचे पालक हे ऐकून हसले. माझ्या लेखी पत्रात ही तक्रार पहिल्या क्रमांकावर आहे.

बारावा दिवस पाहुण्यांच्या भाषणांत आणि प्रमाणपत्रे वाटण्यात गेला. त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

मुलाला पाठवावे का, असे मला तीन-चार घरांतून विचारले गेले. चौदा ते सोळा वयाच्या मुलांना पाठवावे; बाराच्या मुलांना अर्जाचे आणि निवडणुकीचे दिवस झेपतात, व्याख्यानांचे झेपत नाहीत. पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: सहलीला किती मोठी माणसे येणार, तपासणीचे निकाल कोणाच्या हाती देणार, आणि मुलग्यांसाठी शरीरातील बदलांचा वर्ग आहे की क्रिकेट. संचालकांनी माझ्या पत्राला उत्तर दिले आहे. पहिल्या दोन गोष्टी त्यांनी मान्य केल्या, तिसरीवर ‘विचार करू’ असे लिहिले आहे. गटाराचे झाकण अजून बसलेले नाही, आणि शिक्क्याची प्रत नातीच्या दप्तरात आहे.